बॉनेटखालची मधली चाळीस वर्षं

(मोशी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? येतोय. तो पंखा जरा कमी करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये माझ्याऐवजी पंखाच ऐकू येईल.

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कविता येते, नाटक येतं, फार तर सिनेमा. पण आपण राहतो कुठे? मोशीला. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकण. इथे माणसं सकाळी उठून वस्तू बनवायला जातात. तरी त्या वस्तूंबद्दल आपण बोलतो ते फक्त किंमत आणि मायलेज एवढंच. चांगलं काम कोणतं, खोटं काम कोणतं, हे बोलायची आपल्याला सवयच नाही. म्हणून आज मी एका गाडीच्या इंजिन बेची समीक्षा करणार आहे. इंजिन बे म्हणजे बॉनेट उचलल्यावर दिसते ती सगळी जागा. इंजिन, कार्ब्युरेटर, वायरिंग, नळ्या आणि मागचा पत्रा, ज्याला फायरवॉल म्हणतात.

आधी माझी लायकी सांगतो. मी तत्त्वज्ञान शिकवलं, इंजिनिअरिंग नाही. आयुष्यभर स्कूटर चालवली. पण आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, पंचेचाळिशीचे, भोसरीत त्यांचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. मी त्यांना 'अरे' म्हणतो, ते मला 'सर' म्हणतात. 2021 साली त्यांनी कोल्हापूरकडच्या एका कुटुंबाकडून जुनी एमजीए विकत घेतली, आणि पुढची दोन वर्षं मी त्यांच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चहा पीत ते काम पाहिलं. तेवढीच माझी पात्रता.

एमजीए ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला 1955 ते 1962 या काळात बनली. दोन माणसांची, बुटकी, गोलसर अंगाची. पण तिच्या बॉनेटखाली जे इंजिन आहे ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकलेलं आहे. पहिल्या एमजीएचं इंजिन 1489 सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. आणि आपली अँबॅसडर, कलेक्टर-मंत्र्यांची, लग्नाच्या वरातीची, तिचंही इंजिन 1489 सीसी, त्याच बी-सिरीजचं. सख्खी भावंडं. एकाला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन मिळालं, तो शर्यतीत गेला. दुसऱ्याला एकच कार्ब्युरेटर मिळाला, तो सरकारी नोकरीला लागला. [हशा]

हे नातं नुसतं गमतीचं नाही, त्यावर या गाडीचा जीव टिकला. पन्नासच्या दशकात आपल्याकडे परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली. ही गाडी 1957ची, एका ब्रिटिश कंपनीच्या साहेबाबरोबर मुंबईला आलेली. साहेब परत गेले, गाडी राहिली. सुटे भाग येणार कुठून? 1974 साली तिचा ब्लॉक तडकला. तेव्हा एका मिस्त्रींनी अँबॅसडरचा ब्लॉक घेतला, पुढची प्लेट, सम्प असं काय काय बदलून तो या गाडीत बसवला, आणि वर एमजीचं हेड आणि तिचे दोन कार्ब्युरेटर चढवले. त्या जोडणीवर गाडी पुढे जवळपास चाळीस वर्षं चालली. कोल्हापूर-पुणे, कोल्हापूर-पन्हाळा, घरातल्या तीन मुलींची लग्नं.

2021 साली मी पहिल्यांदा तिचं बॉनेट उचललेलं पाहिलं तेव्हा आत काय होतं सांगतो. घाण होती, खरंच घाण. पण नजर बसल्यावर त्या घाणीत अक्षरं दिसायला लागली. अँबॅसडरची कॉइल बसवायला फायरवॉलला पाडलेली दोन भोकं. रेग्युलेटरसाठी लोखंडी पट्टी वाकवून केलेला ब्रॅकेट, त्यावर हातोडीचे ठोके स्पष्ट. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक आकडा वेल्ड केलेला. तो कशाला? बरेच दिवस आम्हाला कळेना. मग त्या कुटुंबातल्या आजी फोनवर म्हणाल्या, "अहो, खंबाटकीत रात्री गाडी बंद पडली की बॅटरी लटकवायला." आणि फायरवॉलच्या मधोमध एक स्वस्तिक. दर दसऱ्याचं हळद-कुंकू त्यावर चढत गेलेलं, तेलात मुरून तांबडं-काळं झालेलं. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्राची पूजा होते, एमआयडीसीत तर लेथलासुद्धा झेंडूची माळ असते. तसे इथे थरावर थर.

आता 2023चा दसरा. आमच्या मित्रांनी सोसायटीतल्या सगळ्यांना बोलावलं, पेढे दिले, आणि बॉनेट उचललं. लोकांच्या तोंडून 'वा' निघालं, माझ्याही निघालं, हे मी लपवत नाही. फायरवॉल आरशासारखी गुळगुळीत. सगळी जुनी भोकं वेल्ड करून, पुटी भरून, घासून, रंगवून बंद. वायरी दिसतच नाहीत, सगळ्या पत्र्यामागून फिरवलेल्या. रॉकर कव्हर पॉलिश केलेलं, त्यात माझा चष्मा दिसत होता. कार्ब्युरेटरचे डोम बफ केलेले. ब्रॅकेट पावडर कोटिंगचे. आणि मधोमध गडद मरून रंगाचा ब्लॉक, जो रंग एमजीच्या कारखान्यात इंजिनाला द्यायचे तोच. कारण हा ब्लॉक अँबॅसडरचा नव्हताच. इंग्लंडहून मागवलेला खरा एमजीए ब्लॉक होता.

घरी येऊन रात्री झोप लागेना. काहीतरी चुकत होतं आणि ते शब्दांत पकडता येत नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे ते पकडायचा प्रयत्न समजा.

पहिली गोष्ट तांत्रिक आहे, पण तत्त्वज्ञानाचीही आहे. दुसऱ्या दिवशी गाडी चालू करायला गेलो. चोक ओढला, स्टार्टर ओढला. इंजिन नुसतं कण्हलं, आणि डॅशबोर्डमागून धूर. चोकची केबल तापून लाल! घाबरून बॅटरी काढली. कारण काय? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. म्हणून दोघांना जोडणारी एक जाड अर्थिंगची पट्टी लागते. ती पट्टी होती, पण पावडर कोटिंगच्या सुंदर काळ्या थरावर घट्ट आवळलेली. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेलं प्लास्टिकच, त्यातून वीज जात नाही. स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट घरी परतायला वाट शोधणारच, त्याला सापडली ती चोकची बारीक केबल. मिस्त्रींच्या काळात त्या जागी पत्रा खरवडून उघडा ठेवलेला होता, ग्रीस लावलेला. दिसायला गलिच्छ. आमच्या मित्रांनी ती जागा 'सुधारली'.

मी याला अपघात म्हणत नाही, हा समीक्षेचा मुद्दा आहे. इंजिन बे ही दिवाणखान्यासारखी जागा नाही, ती स्वयंपाकघरासारखी आहे. स्वयंपाकघराचं सौंदर्य कशात असतं? हात घातला की डबा सापडावा, तेल कुठे, मीठ कुठे हे अंधारातही कळावं. ज्या ओट्यावर एकही ओरखडा नाही, तिथे कुणी पोळी लाटलेली नाही. इंजिन बेसुद्धा वाचता आला पाहिजे. वायर कुठून निघाली, कुठे गेली, नळी कशाला जोडली हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी मेकॅनिकला कळलं पाहिजे. वायरी पत्र्यामागे दडवल्या की इंजिन एखाद्या शिल्पासारखं दिसतं, मान्य. पण मग ते वाचता येत नाही. चाकणला बनणाऱ्या आजच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनावर प्लास्टिकचं झाकण असतं, कंपनीचं नाव कोरलेलं. सगळं गुप्त. गंमत म्हणजे जुन्या गाडीचं डिटेलिंग करणारे या झाकणाला नावं ठेवतात आणि स्वतः मात्र तेच करतात, फक्त क्रोममध्ये.

अर्थात सगळंच वाईट नव्हतं. टीका करणाऱ्यानं चांगलं काम ओळखलं नाही तर त्याची टीकाही कुणी मानू नये. बी-सिरीजमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच अंगाला असतात, कार्ब्युरेटर वर, तापलेला मॅनिफोल्ड खाली. एप्रिलमध्ये पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं. त्यांनी दोघांच्या मध्ये अॅल्युमिनियमचं नवं हीट शील्ड बनवलं, स्वतःच्या मशीनवर, कडा गोल करून, हाताला लागणार नाही असं. मूळ गाडीतल्या शील्डपेक्षा मोठं. त्यावर पॉलिशही नाही, मशीनची बारीक रेघ तशीच ठेवली आहे. संपूर्ण बेमधलं हे सर्वांत देखणं काम, आणि कुणाचंही लक्ष त्याकडे गेलं नाही. दुसरं उदाहरण भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्याचं. यांनी सगळे नटबोल्ट झिंक प्लेटिंगला पाठवले, त्यात सिलिंडर हेडचे स्टडही होते. प्लेटिंगवाल्यानं स्टड परत पाठवले. निरोप असा, की हाय टेन्साइल स्टीलला प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शिरतो, नंतर नीट भाजलं नाही तर स्टील ठिसूळ होतं, हे मी चमकवणार नाही. काय माणूस आहे! चमकवणं हाच त्याचा धंदा, आणि कुठे चमकवायचं नाही हेही त्याला ठाऊक.

आता मुख्य भांडण. ब्लॉकचं.

मिलिंदप्रश्न हा ग्रंथ तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. मग हे सगळं सोडून वेगळा असा रथ आहे का? तोही नाही. म्हणजे 'रथ' हे भागांच्या एका जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव. त्या नावामागे आत दडलेला कुठलाही गाभा नाही.

वर्गात मी हे तीस वर्षं शिकवलं. पण हा प्रश्न कोर्टातही जातो, हे मला फार उशिरा कळलं. 1990 साली लंडनच्या हायकोर्टात 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीचा खटला चालला. ही गाडी 1929 आणि 1930ची ल मॉंची शर्यत जिंकलेली. विकणारा म्हणाला, हीच ती गाडी, किंमत एक कोटी पौंड. घेणारा म्हणाला, हिच्यातलं जिंकलेल्या गाडीचं जवळपास काहीच उरलेलं नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी पाहिलं काय, तर सलगता. गाडी एकदम मोडून कुणी नव्यानं उभी केलेली नाही, तिच्यात टप्प्याटप्प्यानं बदल होत गेले आणि या सगळ्या काळात ती तीच गाडी म्हणून ओळखली गेली. निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं लागला. नागसेनांना हा निकाल पसंत पडला असता असं मला वाटतं. गाभा नाही, पण परंपरा आहे.

हाच निकष आमच्या एमजीएला लावून बघा. अँबॅसडरचा ब्लॉक या गाडीत 1974 पासून आहे. गाडीच्या निम्म्याहून जास्त आयुष्यात तिचं हृदय तेच. आरसी बुकात नंबर त्याचाच आहे. इंग्लंडहून आलेला ब्लॉक एमजीएचा आहे खरा, पण कुठल्या तरी दुसऱ्याच एमजीएचा. ही गाडी आणि तो ब्लॉक यांची 2022च्या आधी कधी गाठ पडलेली नाही. मग 'ओरिजिनल' कोण? जो चाळीस वर्षं संसार केला तो, की जो फक्त कुळानं योग्य आहे तो? पत्रिका जुळली म्हणून आधीचा नवरा घराबाहेर काढायचा, असं झालं हे. [हशा] हसू नका, मी गंभीर आहे.

सरकारलाही हा प्रश्न पडलाय, फक्त त्यांनी तो नागसेनांना विचारलेला नाही. 2021 साली केंद्रानं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' मालिकेची नंबरप्लेट. अट काय? गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. मूळ म्हणजे कुठल्या सालचं? 1957चं, 1974चं, की अर्ज करतो त्या दिवसाचं? हा शब्द सोपा वाटतो तेवढाच. परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेनं, फिव्हानं, 2012 साली तुरीन चार्टर केलं, ते इमारतींच्या जतनासाठीच्या 1964च्या व्हेनिस चार्टरवर बेतलेलं आहे. त्याचा रोख साफ आहे. गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग, ते पुसून टाकू नका.

एक छोटी फसवणूक मला मात्र आवडली, ती कबूल करतो. जुना डायनामो पुरेसा चार्ज देत नाही, म्हणून आत अल्टरनेटर बसवला आहे, पण बाहेरचं कवच डायनामोचंच दिसतं. असे तयार मिळतात. हे खोटं नाही का? आहे. तरी ते नाटकातल्या खोट्यासारखं आहे, वापरणाऱ्याला ठाऊक आहे आणि गाडीला त्याचा फायदा आहे. इंग्लिश ब्लॉकचं खोटं वेगळं. ते स्वतःला खरं समजतं.

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तर ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हाला ते जुनं आवडतं, कारण तुम्हाला ते चालवायचं नाहीये. मला माझ्या पोरीला शेजारी बसवून लोणावळ्याला जायचंय. त्या वायरींचं कापड हातात भुगा व्हायचं. इंधनाची नळी दाबली तर तडकायची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, जुनं रबर टिकत नाही. आग लागली असती तर तुमचा नागसेन विझवायला आला असता का?"

या बोलण्यापुढे मी गप्प झालो. वायरी आणि नळ्यांबाबत ते शंभर टक्के बरोबर आहेत. 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, त्यामुळे हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटही कडक धातूच्या बसवाव्या लागल्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गरजेपोटी केलेला बदल प्रामाणिक असतो, मिस्त्रींनी 1974 साली तेच केलं होतं. माझी तक्रार बदलाबद्दल नाहीच. एका गरजू माणसाचा बदल दुसऱ्यानं लाज वाटते म्हणून पुसला, त्याबद्दल आहे. ती भोकं बंद करायला गरज कुठली होती? आकडा कापायला? स्वस्तिक पुसायला थिनर लागलं, अर्धा दिवस लागला. कशासाठी?

मग ते म्हणाले, "सर, खरं सांगू? प्रदर्शनात शेजारी मुंबईच्या, बडोद्याच्या गाड्या उभ्या राहतात. कुणी वाकून बघितलं आणि म्हणालं, अरे ही तर अँबॅसडर, की मान खाली जाते."

हे ऐकलं आणि मला त्या रात्रीच्या अस्वस्थतेचं उत्तर मिळालं. ज्या कारागिरीवर हा सगळा पट्टा उभा आहे, मिळेल त्या भागातून चालतं यंत्र उभं करायचं कसब, तिचीच इथल्या उत्तम कारागिराला लाज वाटते. त्याच्या स्वतःच्या युनिटमध्ये रोज तेच चालतं. सुटा भाग नाही? बनव. बसत नाही? घास. हीट शील्ड त्यानं असंच तर केलं.

मिस्त्री अजून आहेत. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अधू. त्यांना आम्ही गाडी दाखवायला घेऊन आलो. त्यांनी बेमध्ये हात फिरवला. रॉकर कव्हर, कार्ब्युरेटर, मग फायरवॉल. कॉइलच्या जागी हात थांबला. बोटं भोकं शोधत होती. "इधर दो थे," एवढंच म्हणाले. मग हीट शील्डवर हात गेला. त्याची कड त्यांनी अंगठ्यानं दोनदा चाचपली आणि विचारलं, "ये किसने बनाया?" आमच्या मित्रांनी सांगितलं, मी. "अच्छा है."

अँबॅसडरचा ब्लॉक भंगारात देण्यासाठी शेडच्या दाराशी पोत्यात बांधून ठेवला होता. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा त्याला परत पाठवलं. सध्या तो ब्लॉक पोत्याबाहेर काढून स्टँडवर ठेवला आहे, धुतलेला, रंग न दिलेला. इंग्लिश ब्लॉकचं काय करायचं ते ठरलेलं नाही. आरसी बुकावर नंबर जुनाच आहे, आरटीओचा फॉर्म आणलाय पण भरलेला नाही. परवा मी विचारलं, काय ठरलं? तर म्हणाले, "सर, आधी बोअर मोजून बघतो."

चला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. फक्त मायलेज विचारू नका.